वहिनीच्या पातेल्यातलं समुद्रगवत

माझ्या वहिनीवर अन्याय झाला. १९५७ सालच्या नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, दूध उतरवून त्याच विस्तवावर तिनं कल्हईचं पातेलं चढवलं तेव्हा झाला. रहाटणीतल्या आमच्याच स्वैपाकघरात झाला, आणि करणारी माझी आई. दोघींवर माझा जीव आहे, पण म्हणून मी गोष्ट मऊ करून सांगणार नाही. परक्यानं केलेल्या अन्यायावर पत्रक काढायला कुणालाही जमतं. घरच्यावर काढताना लेखणी का अडते, हा माझा सवाल आहे.

आमचं घर माळकरी. वडील मी लहान असताना गेले. त्यानंतर शेत, जनावरं आणि आम्ही दोघं भाऊ आईनं एकटीनं सांभाळले. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. माळ घातली की मांस-मासळी सुटली, आणि आईच्या बाबतीत ती नुसती सुटली नाही, तर तिचं नावसुद्धा घरात निघेनासं झालं. चातुर्मासात ती कांदाही सोडते. आमच्या रानातला कांदा गाड्या भरून चाकणच्या बाजारात जातो, गोणीवर गोणी रचताना आईच पुढे असते, आणि घरात मात्र आम्ही चार महिने कांद्यावाचून पिठलं खातो. "इकायचा कांदा येगळा, खायचा येगळा," हे तिचं त्यावरचं उत्तर. पुढे विचारायची सोय नाही.

थोरला भाऊ एस.टी.वर ड्रायव्हर. मालवणच्या बाजूला मुक्कामी गाडी घेऊन जायचा. शेवटच्या थांब्यावर एक खानावळ होती. तिथं तो काय जेवायचा हे आईनं कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही. एके दिवशी येऊन म्हणाला, खानावळवाल्यांची मुलगी आहे, लग्न करीन तर तिच्याशीच. कुळी, देवक, सगळं काय ते पाहून झालं (ही पाहणी बंद झाली पाहिजे, पण तो वेगळ्या पत्रकाचा विषय), आणि आईनं एकच अट घातली: सून घरात येईल, मासळी येणार नाही.

वहिनीनं ती अट पाळली. वर्षानुवर्षं पाळली. पावसाळ्यात वांग्याचे काप तळले की एक काप बोटात धरून म्हणायची, "डोळे मिटून खाल्ला तर सुरमई." मी हसायचो, आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. खोबऱ्यावाचून सुनेला घास गोड लागत नाही हे ध्यानात आल्यापासून आई पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला नारळ आणायला सांगायची. "समिंदराकडची पोर, तिला कोरडं कालवण कसं जायाचं?" हे आईचंच वाक्य. तेव्हा दुष्ट सासू आणि गरीब सून असलं चित्र कुणी डोळ्यांपुढे आणू नये. ते चित्र असतं तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

पुतणी तेव्हा शाळेत जायच्या आधीच्या वयाची. हातपाय काडीसारखे, पोट मात्र टणक. झोपेत दात खायची, नाक चोळायची, पोटात कळ आली की घोंगडीवर गोळा होऊन पडायची. जंत. आईनं वावडिंग उकळून पाजलं, थोडे दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सँटोनीन दिलं. त्या औषधाची एक खोड आहे, सगळं पिवळं दिसायला लागतं. पोरगी दुधाकडे बघून रडायला लागली, "काका, दूध पिवळं का झालंय?" आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि जाहीर केलं, की ह्या डाक्टरची पुडी पुन्हा घरात येणार नाही. त्यानंही काही जंत पडले, पण मुळातून गेले नाहीत. पोरगी पुन्हा वाळायला लागली.

मी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागलो होतो. पवना नदीला पाणी असलं की होडीनं, नसलं की पायी पलीकडे जायचो. माझं काम बुरशीच्या खात्यात. ज्या बुरशीपासून औषध करतात तिला वाढायला खळीसारखा एक पदार्थ लागतो. त्याचं नाव अगार. मिठाईवाले चायनाग्रास म्हणतात तीच चीज. ती पातळ करायची, काचेच्या नळ्यांत ओतायची, नळ्या तिरप्या ठेवून थिजवायच्या. हे अगार समुद्रातल्या लाल शेवाळापासून निघतं, हे मला खात्यातल्या साहेबांनी सांगितलं. साहेब जपानात शिकून आलेले होते आणि शेवाळाविषयी बोलायला लागले की चहा निवला तरी त्यांना भान नसे.

"बघ," ते म्हणायचे, "मासा पळून जाईल, खेकडा बिळात शिरेल. शेवाळ काय करील? खडकाला चिकटलेलं. खायला आलेल्यापासून ते पाय लावून पळू शकत नाही, त्याला नांगी मारू शकत नाही. मग ते अंगातच विष तयार करतं. त्या विषात आपल्या कामाचं काय आहे, हे शोधायचं."

जपानातल्या बायका, म्हणे, पिढ्यान्‌पिढ्या एका लाल समुद्रगवताचा काढा पोरांना जंतांवर देतात, आणि अलीकडे तिथल्या रसायनतज्ज्ञांनी त्या गवतातलं नेमकं द्रव्यही वेगळं काढलं आहे. ते जंताच्या नसा आधी भडकवतं, मग लुळ्या पाडतं. जंताची आतड्यावरची पकड सुटते आणि तो बाहेर पडतो. मी हे घरी वहिनीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, तिच्या गावाकडे वादळानंतर किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग येतात, लोक ते माडांच्या मुळाशी घालतात. आणि एखाद्या साली समुद्राचं पाणीच तांबडं होतं, मासे मरून वर येतात. तेव्हा म्हातारी माणसं पोरांना शिंपल्यांना हात लावू देत नाहीत. साहेबांना मी हे सांगितलं तर ते टेबलावर थाप मारून म्हणाले, "तेही शेवाळच! डोळ्यांना न दिसणारं!"

इथं मला एक विचारू द्या. एवढा मोठा आपला किनारा. खडकाखडकावर विष आणि औषध शेजारीशेजारी वाढतंय, आणि आपण ते माडाला घालतो. कुणी तपासलं? कुठल्या प्रयोगशाळेत किती टोपल्या पोचल्या? जपानी आई आपल्या पोराला जे देऊ शकते ते मालवणच्या आईला देता येतं की नाही, एवढंसुद्धा आपल्याला सांगता येत नाही. पोरं मात्र दोन्हीकडे सारखीच दात खातात.

साहेब जपानात ज्या बाईंच्या घरी राहिले होते त्यांनी साहेबांच्या मुलांसाठी त्या गवताचं पाकीट पाठवलं होतं. माझ्या पुतणीची हकीकत ऐकून साहेबांनी दवाखान्याच्या डॉक्टरांशी बोलून माप ठरवलं आणि त्यातलं निम्मं मला बांधून दिलं. "लक्षात ठेव, लागू पडतंय म्हणजे हे विष आहे. माप चुकवायचं नाही. आणि वहिनींना सांग, आपल्या किनाऱ्यावरचं दिसेल ते शेवाळ उचलून उकळायचं नाही. त्यातलं कुठलं काय करील हे आज मलाही माहीत नाही."

नागपंचमीला संध्याकाळी मी पुडी वहिनीच्या हातात दिली, माप आणि इशारा दोन्ही सांगितले. आई देवळात भजनाला गेली होती. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी, आणि पहाटेच आम्हा चळवळीतल्या पोरांना भिंतींवर घोषणा रंगवायला पुनावळ्याला जायचं होतं. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. गेरूची बादली, काथ्याचे कुंचले आणि रिकाम्या भिंती, एवढं दिसलं की आम्हाला भूक लागायची नाही. आईला औषधाचं सांगायचं राहून गेलं. आल्यावर सांगू, असं म्हणून मी सायकलला टांग मारली.

पुढचं मी दोघींकडून आणि पुतणीकडून ऐकलेलं आहे, आणि तिघींच्या सांगण्यात फरक नाही.

गवत उकळायला लागलं आणि समुद्राचा वास सुटला. ओला, खारट, शेवाळलेल्या खडकाचा. वहिनी पातेल्यावर वाकली. डोळे मिटले. हसली. आई गोठ्यातून शेणाचे हात घेऊन आत आली तेव्हा सून अशी उभी होती: श्रावणात, माळकऱ्याच्या चुलीपाशी, डोळे मिटून, पातेल्यातला वास हुंगत.

"काय शिजतंय ग ह्ये?"

"औषध, आत्याबाई. पोरीचं. भाऊजींनी आणलंय."

"कशाचं?"

"समुद्रातल्या गवताचं."

"समिंदरातलं हाय नव्हं?"

"व्हय, पण गवत."

"समिंदरातलं म्हंजी मासळी. डोळं मिटून हुंगत व्हतीस, म्या बघितलं न्हाई व्हय? माहेरची चटक. आन नाव पोरीच्या पोटाचं!"

तेवढ्यात शेजारीण भिंतीवरून डोकावली. "बया, वास आमच्या देव्हाऱ्यापोतर आलाय." संपलं. पातेलं उकिरड्यावर उपडं झालं. वहिनी ओरडली नाही, रडली नाही. ती म्हणत राहिली, मासळी नाही, औषध आहे. आणि आई म्हणत राहिली, खोटारडी.

मी परतलो तेव्हा हात कोपरापर्यंत गेरूनं लाल होते. गोठ्याच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडलेली दिसली. वहिनी तिच्यावर पोरीपुरता भात करत होती. माझा वेश बघून म्हणाली, "या भाऊजी. तुमका काय वाटता, तुमच्या भिंतीर लिवलेला जास्त लाल की आमच्या चुलीतला?" रागावली की ती तिच्या बोलीत शिरायची.

आईनं निकाल दिला होता. वहिनीनं आळंदीला जावं, इंद्रायणीत अंघोळ करावी, समाधीपाशी डोकं टेकून "चुकले" म्हणावं, मग घरातल्या चुलीला हात लावावा. तोवर पडवी.

"मग?" मी विचारलं.

"अंघोळ काय, रोज करतंय. डोक्या पण टेकीन. पण मी चुकलंय असा म्हणूचंय नाय. वास घेतलंय, खरा. वास घेतलो तर काय गुन्हो झालो? पण मी खोटा बोलूक नाय."

हे नीट समजून घ्या. पडवीतल्या धुराचं तिला काही नव्हतं. गाईच्या शेपटीचे फटके खात भात शिजवायचंही काही नव्हतं. एवढी वर्षं वांग्याच्या कापाला सुरमई म्हणून ज्या बाईनं शब्द पाळला, तिचा शब्द एका वासापायी खोटा ठरला. तिनं सांगून टाकलं, की भाऊ आला की त्याच्या पुढच्या फेरीला ती पोरीला घेऊन माहेरी जाणार, आणि जिथं तिला खोटारडी म्हणतात तिथं परत येणार नाही. तिच्या आवाजात धमकी नव्हती. धमकी असती तर मी एवढा घाबरलो नसतो.

मी कामाला लागलो. आईपुढे जाऊन बसलो आणि माझ्या मते बिनतोड मुद्दा मांडला. "मीठ कुठून येतं, आई? समुद्रातूनच ना? मग चातुर्मासात मीठ कसं चालतं?"

आई बाजरी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मिठाला वास येतो का?"

"नाही."

"मग झालं."

मी पुन्हा सुरू केलं: गवत म्हणजे वनस्पती, तिला डोळे नाहीत, रक्त नाही, कसलाही अपाय नाही, निर्मळ, शाकाहारी. 'विष' हा शब्द मी मुद्दाम गाळत होतो. नातीच्या पोटात विष जाणार म्हटल्यावर आई काय करील याची मला कल्पना होती. जितकं गवत गवत म्हणावं तितका तिचा चेहरा घट्ट होत गेला. शेवटी मी जे मला येतं ते केलं. रीतसर पत्रक लिहिलं, "रहाटणीतील एका सुनेवर घोर अन्याय! जनता जाब विचारते!" आणि आईला उभं राहून वाचून दाखवलं.

आईनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "जनता म्हंजी कोन रं?"

"मी."

"आनि?"

"आणि... वहिनी. पोरगी."

"पोरगी माज्या मांडीवर झोपलीय, तिला जाब इचारायचा न्हाई. दे हिकडं त्यो कागद." तिनं कागद घेतला, जमिनीवर पसरला आणि बाजरीतले खडे त्यावर टाकायला लागली. "चांगला जाड हाय," म्हणाली.

भाऊ आला तो धुळीनं माखलेला, आणि आल्या आल्या त्याला दोन चुली दिसल्या. तो बोलणारा माणूस नाही. घाटात समोरून ट्रक आला तरी हॉर्न वाजवायला कचरतो. त्यानं हातपाय धुतले, आईच्या चुलीवरची अर्धी भाकरी खाल्ली, उठला, पडवीत जाऊन वहिनीच्या चुलीवरचा भात खाल्ला. आई म्हणाली, "दोन ठेसनांवर गाडी थांबली बरं का." तो मान खाली घालून हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, तू एवढी भाषणं ठोकतोस. घरात एक तरी ठोक ना. ती खरंच निघालीय. पेटी भरलीय तिनं."

"ठोकलं. आईनं त्यावर बाजरी निवडली."

त्यानं गाईचं दावं उचललं. मग म्हणाला, "माझ्या गाडीत रोज कुणाच्या ना कुणाच्या लेकी रडत माहेरी जातात. मी आरशात बघत नाही." एवढं बोलून तो गाय बांधायला गेला.

फेरीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. धारा काढून झाल्या होत्या. पोरीला कळ आली होती आणि ती पडवीत वहिनीच्या मांडीवर गोळा होऊन पडली होती. आई दुधाची चरवी घेऊन दारात थांबली. पोरीकडे पाहिलं, भरलेल्या पेटीकडे पाहिलं. चरवी खाली ठेवली आणि म्हणाली, "दाव ती पुडी."

वहिनीनं पेटीतून उरलेली पुडी काढून पुढे केली. आईनं वाळलेली काडी उचलली. शेतकरीण कुठलंही अनोळखी रोप बघते तशी ती बघायला लागली. बोटांत चुरली, मोडली, उजेडाकडे धरली. "काटा न्हाई," म्हणाली. "खवलं न्हाई." नाकाशी नेली. "वास मातूर हाय." मग थांबली. एका हातानं गळ्यातली माळ पदराआड सारली आणि दुसऱ्या हातानं काडी जिभेकडे नेली.

ती चाखणार होती. आयुष्यभर सांभाळलेली माळ पणाला लावून, सून खोटं बोलली की खरं हे स्वतःच्या जिभेवर ठरवणार होती.  मला फक्त साहेबांचा इशारा आठवला. मी झडप घालून तिचा हात धरला.

"आई, नको! विष आहे ते!"

"इख?"

तिनं काडी पुडीत परत टाकली. 

"ह्ये इख हाय? आनि तुमी पोरीला पाजनार व्हता?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं: खडकाला चिकटलेलं शेवाळ, त्याला पळता येत नाही, म्हणून अंगात विष, ते जंताच्या नसा लुळ्या पाडतं, जंत सुटतो, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात पोरीला बाधत नाही, मापाबाहेर गेलं तर बाधेल. बोलता बोलता वाटत होतं, आता संपलं. आता आई वहिनीला आणि मला दोघांनाही घराबाहेर काढील.

आई चरवीशेजारी खाली बसली. बराच विचार करून म्हणाली, "म्हंजी बिब्ब्यावाणी."

बिब्बा आमच्याकडे सगळ्यांना माहीत. अंगाला लागला तर फोड उठवतो, चुकून जास्त पोटात गेला तर जिवावर बेततं. आणि तरी आईनं लहानपणी आम्हाला खोकल्यावर तो दिलाय. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेलाचा थेंब दुधात पडला न पडला तोच बाजूला घ्यायचा.

"हो. बिब्ब्यासारखं."

"मग मुडद्या, तसं सांगाया काय झालं व्हतं?" आई कडाडली. "इतकं दिस गवात गवात करून डोकं उठावलंस. गवात म्हंजी भाजी. भाजी म्हंजी जेवान. समिंदरातलं जेवान म्हंजी मासळी, ते माळंला चालत न्हाई. इख काय कुनी जेवाया घेतं? बिब्बा म्या चातुर्मासात बी दिलाय तुमास्नी. माळ जेवनाला आड येती, इखाला न्हाई. आवशीद हाय, इख हाय, जपून द्या, असं पयल्या दिवशी बोलला असतास तर म्या सोता उकाळलं असतं!"

भाऊ खांबाला टेकून हसत होता, आवाज न करता, खांदे हलवत.  जो शब्द मी घरातल्या सबंध चळवळीत लपवला त्याच शब्दानं पाच मिनिटांत निकाल लावला. निर्मळ, शाकाहारी म्हणून मी गवताला जितकं वर चढवत होतो तितकं मी त्याला मासळीच्या टोपलीत ढकलत होतो, हे मला कोण सांगणार होतं? तसला हिशेब फक्त आमच्या घरातच होतो.

वहिनी हसली नाही. तिनं एवढंच ठरवलं, की औषध लागू पडेपर्यंत थांबायचं. भाऊ सकाळी एकटाच गाडीवर गेला.

त्या सकाळी आईनं घरातल्या मोठ्या चुलीवर पातेलं चढवलं. माप वहिनीनं घातलं, आईनं दोनदा विचारून खात्री केली. वास सुटला. शेजारीण भिंतीवर हजर. "काय शिजतंय?" आई ताठ उभी राहून म्हणाली, "इख!" पोरीनं नाक धरून काढा घेतला, वरून गुळाचा खडा मागून घेतला. पुढे जे व्हायचं ते परसात झालं. आईनं काडीनं उलथून पालथून स्वतः पाहिलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "पडलं! समदं पडलं!" पोरगी लाजून माझ्या मागे लपली. त्यानंतर हळूहळू तिचं दात खाणं थांबलं, पोट मऊ झालं, आणि ती ताटात भाकरी मागायला लागली.

साहेबांना मी सगळी हकीकत सांगितली. ते पोटभर हसले आणि म्हणाले, "तुझ्या आईला जे कळलं ते कळायला आमच्या शास्त्राला बराच वेळ लागला." मी म्हटलं, हसू नका, आपल्या किनाऱ्यावरचं तपासा. ते गंभीर झाले. "तपासायला हवं," एवढंच बोलले.

पण वहिनीची चूल पडवीतच होती.

"ये की आता चुलीपाशी," आई दारातून म्हणायची.

"नको. खोटारड्या बाईच्या हातचा कशाला खाता?" वहिनी पडवीतून म्हणायची. उद्धट नाही, अगदी साध्या आवाजात. पेटी भरलेलीच होती.

असं चाललं. मग एके दुपारी जेवायच्या वेळी आई उठली. स्वतःचं ताट घेतलं, पाण्याचा तांब्या घेतला, पडवीत गेली, शेणाच्या सारवणावर पाट न मांडता बसली आणि ताट सुनेपुढे केलं. "वाढ."

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. मग भात वाढला, त्यावर आमटी. आई जेवली. गाईनं शेपटी उडवली ती तिच्या ताटाला लागली, तरी ती उठली नाही. दुसरा भात मागून घेतला. मी आणि पोरगीही आमची ताटं घेऊन तिथंच जाऊन बसलो. भाऊ फेरीवर होता; बाकी माळकरी घरातली सगळी माणसं गोठ्यात तीन दगडांच्या चुलीभोवती जेवत होती आणि शेजारीण भिंतीवर हनुवटी टेकून बघत होती. आई तिला म्हणाली, "ये, बस. आमची सून झकास रांधती."

संध्याकाळी वहिनीनं पेटी रिकामी केली. ती आजही आमच्या घरात आहे, मोठ्या चुलीपाशी आहे, आणि दोघींची जोडी माझ्याविरुद्ध कायमची एक झालेली आहे. मी उशिरा आलो की एक बोलते, दुसरी मान डोलावते.

मला मात्र हे पटलेलं नाही. आईनं ताट मांडलं, वाखाणणी केली, सगळं केलं. पण "तू खोटं बोलली नव्हतीस" हे चार शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "म्हनून काय व्हतंय? जेवले नव्हं तिच्या चुलीवर?" मी वहिनीला विचारलं. "पुरे हां भाऊजी. माझा पोट भरला," असं म्हणून तिनं मला हाकललं. पण एकदा, विहिरीवर, पोहरा ओढता ओढता, मी काही न विचारताच म्हणाली, "बोलल्या असत्या तर मात्र बरा वाटला असता."

आईवरचं माझं प्रेम या वाक्यानं कमी होत नाही आणि हे वाक्य आईवरच्या प्रेमानं पुसलं जात नाही. वाढलेल्या ताटाचा अर्थ ज्याला लावायचा तो लावतो. खोटारडी हा शब्द मात्र भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा मोठ्यानं उच्चारला गेला होता.

वाचणाऱ्या, तू सासू असशील, नवरा असशील, भाऊ असशील, कुणीही अस. तुझ्याही घरात कुणीतरी आहे, जिला एका वासावरून, एका संशयावरून तू खोटी ठरवलंस, आणि नंतर ती खरी निघाल्यावर गोड बोलून, जास्त वाढून, नवं लुगडं आणून विषय मिटवलास. तो मिटलेला नाही. हा कागद खाली ठेव. ऊठ. ती चुलीपाशी असेल तर चुलीपाशी जा, विहिरीवर असेल तर विहिरीवर जा, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिला सांग, की तू खरं बोलत होतीस आणि मी चुकलो. तोंडानं सांग. आत्ता.